तयारीचा दिवस कोणाच्या खात्यात?

माझा आतेभाऊ डिचोलीला राहतो. लग्नसराईत लग्नांचे व्हिडिओ काढतो आणि मुंबईहून चित्रपटवाले किंवा मालिकावाले गोव्यात आले की त्यांच्याकडे कॅमेरा चालवायला जातो. गेल्या मे महिन्यात अशाच एका कामावर मी त्याच्या हाताखाली ट्रायपॉड उचलायला गेलो होतो. चित्रीकरण पेडणे तालुक्यात, तेरेखोलच्या किल्ल्यावर, चार दिवस. पैसेही चार दिवसांचे मिळाले. मी मात्र सहा दिवस मोजले होते.

ते दोन दिवस कुठे गेले? एक दिवस जागा पाहण्यात गेला. केरीहून फेरीबोटीने सामान पलीकडे न्यायला किती वेळ लागतो, तिसऱ्या प्रहरी ऊन कुठल्या भिंतीवर येते, वीज कुठून घ्यायची, हे सारे आधी ठरवावे लागते. दुसरा दिवस मुंबईहून भाड्याने आलेले सामान तपासण्यात. एकेक लेन्स चढवून फोकस बरोबर बसतो की नाही ते पाहायचे, बॅटऱ्या भरायच्या, कार्डे रिकामी करायची, दोन कॅमेऱ्यांचे रंग जुळवायचे. आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लवकर धरते. ती चित्रीकरणाच्या सकाळी सापडली तर चाळीस माणसे हातावर हात ठेवून बसतात. म्हणजे ही तयारी निर्मात्याच्याच फायद्याची.

सामानाबरोबर आलेला मदतनीस हुबळीचा होता. माझी आई बेळगावकडची, त्यामुळे मला कानडी येते. बोलता बोलता कळले की त्याला सामान मुंबईहून निघाल्या दिवसापासून रोज मिळतो. कॅमेऱ्याच्या पेटीचा राखणदार पगारी आणि कॅमेरा चालवणारा बिनपगारी, हे ऐकून दादा नुसता हसला.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्यास गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीत तंत्रज्ञ मासिक पगारावर असत. त्या पगारात तयारी आपोआप येई. स्टुडिओंचा तो काळ सरला, माणसे कामापुरती घेतली जाऊ लागली, आणि ‘काम’ म्हणजे कॅमेरा चालू असतानाचा वेळ एवढाच अर्थ उरला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सिने-कामगारांसाठी १९८१ चा केंद्रीय कायदा होता, तो कथापटांपुरताच. त्याची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात दूरचित्रवाणी आणि वेब मालिकाही आल्या. लेखी करार हवा, त्यात कामाचे स्वरूप, वेतन व तास हवेत, अशी तरतूद आहे. मात्र सरकारने ठरवलेल्या वेतनमर्यादेच्या आतील कामगारांनाच ती लागू पडते. ‘तयारीचा दिवस’ हे शब्द संहितेत नाहीत. पण ‘निर्मितीत किंवा निर्मितीच्या संबंधात’ काम करणारा, अशी कामगाराची व्याख्या आहे. लेन्स तपासणे हे निर्मितीच्या संबंधातले काम नव्हे, असे कोणता निर्माता म्हणू शकेल?

तरीही बोलणी ज्याची त्यालाच करावी लागतात. पुष्कळ जण तयारीचे पैसे वेगळे न मागता रोजचा दर वाढवून सांगतात. वाटते शहाणपणाचे, पण परिव्ययशास्त्र शिकणाऱ्याला त्यातली चूक लगेच दिसेल. तयारी हा स्थिर खर्च आहे. चित्रीकरण दोन दिवस चालो की दहा, लेन्स तेवढ्याच तपासाव्या लागतात. समजा, रोजचा दर ४,००० रुपये आहे. तयारीचे दोन आणि चित्रीकरणाचे चार मिळून सहा दिवसांचे २४,००० झाले. ते चार दिवसांवर पसरले तर दर ६,००० होतो. आता पाऊस लवकर आला आणि चित्रीकरण दोनच दिवसांत आटोपले, तर हाती १२,००० येतात, म्हणजे राबलेल्या चार दिवसांचे रोजी ३,०००. तयारी वेगळी लिहिली असती तर १६,००० मिळाले असते. शिवाय वाढीव दर ऐकून निर्माता दुसऱ्याकडे जाण्याची भीती असतेच.

निर्मात्याचीही एक शंका रास्त आहे : तुम्ही दिवसभर खरेच राबलात याला पुरावा काय? त्यावर दादाने उपाय काढला. तपासणीची यादी आणि चाचणीचे चित्रण त्याच संध्याकाळी व्यवस्थापकाच्या हाती द्यायचे. आणि हे सारे बोलायचे ते तारखा देण्यापूर्वी. एकदा तारीख दिली की आपली बाजू लंगडी पडते, हे आमच्याकडे दशावताराच्या ‘नाईटी’ ठरवणाऱ्यालाही माहीत असते.

पावसाळा संपल्यावर मयेच्या तळ्याकाठी एक छोटे काम आले. दादाने कागदावर तीन ओळी लिहिल्या : जागा पाहणे एक दिवस, सामान तपासणे एक दिवस, चित्रीकरण तीन दिवस. व्यवस्थापकाने पहिली ओळ खोडली, दुसरीपुढे ‘अर्धा दर’ असे लिहिले आणि कागद परत दिला. दादाने ‘अर्धा’च्या जागी ‘पाऊण’ केले. त्यावर सह्या झाल्या.