विकत घेतलेली जागा आणि तिच्यावरची अट

नगर-मनमाड रस्त्यावरील नागापूरला औद्योगिक वसाहत आली आणि भोवतालच्या शेतजमिनींचे भूखंड पडू लागले. खेड्यातून आलेला कामगार भविष्यनिर्वाह निधी मोडून, बायकोचे डोरले गहाण ठेवून गुंठा-दोन गुंठे घेतो. गावकुसाबाहेर पिढ्या काढलेल्या माणसाला स्वतःच्या नावाची जागा ही केवळ मालमत्ता वाटत नाही. म्हणून तो भाव विचारतो, पाणी विचारतो, रस्ता विचारतो. पण ही जागा विकण्याचा अधिकार विकणाऱ्याला आहे काय, हा पहिला प्रश्न विचारायचा राहून जातो.

विक्रीवर बंधन असलेल्या जागा अनेक प्रकारच्या असतात. महानगरपालिकेने भाडेपट्ट्याने दिलेल्या भूखंडाच्या पट्ट्यात मुदतीत बांधकाम करावे, पूर्वपरवानगीवाचून हस्तांतर करू नये, अशा अटी असतात. औद्योगिक विकास महामंडळाचा भूखंडही पट्ट्याचाच. शासनाने अटींवर दिलेली जमीन सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' म्हणून नोंदलेली असते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे वर्ग १ ची जमीन धारक सामान्यतः मोकळेपणाने विकू शकतो, वर्ग २ ची नाही.

या वर्ग २ मध्ये आपल्या इतिहासाचा एक तुकडा आहे. महार वतन म्हणजे जमिनीच्या मोबदल्यात गावाची रात्रंदिवस वेठ. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेली ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात दुरुस्ती विधेयक मांडले. वतन मोडले ते १९५८ च्या कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्याने. जमीन जुन्या वतनदारालाच फेर देण्यात आली, परंतु अट घालून: जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीवाचून आणि ठरलेली रक्कम भरल्यावाचून विक्री नाही, भावाभावांत सरसनिरस वाटणीदेखील नाही.

ही अट ढाल की बेडी? ती नसती तर सावकाराने आणि बागाईतदाराने या जमिनी केव्हाच गिळल्या असत्या, हे मान्य केले पाहिजे. पण व्यवहारात काय होते तेही पाहिले पाहिजे. घरात आजारपण येते, मुलीचे लग्न निघते. मंजुरीचा कागद कचेरीत पडून राहतो. मग मुद्रांकाच्या कागदावर साठेखत होते, मुखत्यारपत्र होते, आणि अटीची जमीन म्हणून भाव पाडला जातो. पुढे ज्याच्याजवळ पैसा आणि ओळख आहे तो नजराणा भरून परवानगी आणतो. अट पाळण्याचा भार गरिबावर पडतो. ती सुटल्याचा नफा दुसराच घेतो.

अशा कागदांवर भूखंड घेणारा तरी सुरक्षित असतो काय? साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर स्थावर मिळकतीची मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले. घरपट्टीची पावती किंवा नळजोड हा मालकीचा पुरावा नव्हे. अटीभंग ठरला तर जमीन सरकारजमा होऊ शकते. तेव्हा विकणाऱ्याची जमीन जाते आणि घेणाऱ्याची पुंजी जाते. पुष्कळदा दोघेही एकाच वस्तीतले असतात.

म्हणून विसार देण्यापूर्वी सातबाऱ्यावरील भोगवटादार वर्ग आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचावा. नगर भूमापन झालेले असेल तर मिळकत पत्रिकेवरील सत्ताप्रकार पाहावा. जुने फेरफार काढून जमीन मुळात कोणाला, कोणत्या अटीवर मिळाली ते शोधावे. वाचता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या पोराला बरोबर न्यावे. दलालावर विसंबू नये. 'परवानगी मागाहून आणू' हे बोलणे ऐकून घ्यावे, पण पैसे मोजू नयेत. आधी मंजुरीचा लेखी आदेश, मग नोंदणीकृत खरेदीखत, हाच क्रम.

मागणी मात्र अट सरसकट काढून टाकण्याची नसावी. तसे झाले तर उरलेली जमीनही आठ-दहा वर्षांत हातची जाईल. मंजुरीच्या अर्जावर ठरावीक मुदतीत निकाल द्यावा, नकार दिल्यास कारण लिहून द्यावे आणि अडलेल्या मूळ धारकाला वाजवी भाव मिळतो की नाही हे शासनाने पाहावे, ही आपली मागणी असली पाहिजे. ढाल ठेवायची असेल, तर ती धरणाऱ्याच्या हातात द्या.