भारतातून आणलेली ट्यूब आणि वस्तीतला त्वचेचा दवाखाना

भारतातून परतताना आपल्या बॅगेत मसाले, चिवडा आणि औषधे असतातच. तीन वर्षांपूर्वी माझ्या बॅगेत एका मलमाच्या सहा ट्यूबा होत्या. त्यांची ही हकीकत. लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण त्वचेचे दुखणे आपण चारचौघांत काढत नाही. पण न बोलल्यामुळेच मी आठ महिने खाजवत बसले, म्हणून लिहिते.

मे महिन्यात पुण्याला असताना कमरेवर, परकराच्या नाडीखाली, गोल चट्टे उठले. भावाच्या घरीही दोघांना तसेच झाले होते. कोपऱ्यावरच्या केमिस्टने ट्यूब दिली आणि दोन दिवसांत खाज थांबली. लावायचे बंद केले की आठवड्यात चट्टे परत, आणि पहिल्यापेक्षा मोठे! इंग्लंडला आल्यावर माझ्या सोळा वर्षांच्या मुलीच्या मांडीवर तसाच चट्टा दिसला, तेव्हा मीच तिला ती ट्यूब दिली. शेवटी जी. पी. कडे गेले. त्यांना ते इसब वाटले, पण खात्री नव्हती. त्यांनी मला ‘कम्युनिटी डर्मटॉलॉजी सर्व्हिस’कडे पाठवले.

ही सेवा म्हणजे काय?

नाव ऐकून मला वाटले, ही आशियाई लोकांसाठी काढलेली सोय असावी. तसे नाही. येथे ‘कम्युनिटी’ म्हणजे मोठ्या रुग्णालयाबाहेर, आपल्या वस्तीतल्या हेल्थ सेंटरमध्ये. त्वचारोगांचे जादा शिक्षण घेतलेले जी. पी., त्वचारोगाच्या नर्स आणि काही ठिकाणी रुग्णालयातील तज्ज्ञ तेथे रुग्ण तपासतात. इसब, सोरायसिस, मुरूम, अंगावर उठणाऱ्या गांधी, न हटणारे गजकर्ण अशा तक्रारी तेथे पाहतात. इंग्लंडमध्ये ही सेवा एन. एच. एस.चीच आहे, पण प्रत्येक भागात तिची रचना वेगळी असते आणि काही भागांत ती नसतेही. साधारणपणे जी. पी.चे पत्र लागते. पुष्कळदा आधी फोटो मागवतात आणि ते पाहून कोणाला कोठे पाठवायचे ते ठरते.

कर्करोगाची शंका असेल तर मात्र जी. पी. तातडीच्या मार्गाने रुग्णालयात पाठवतात. पूर्वीचा दोन आठवड्यांचा नियम ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला. आता कर्करोग आहे की नाही हे २८ दिवसांत सांगण्याचे उद्दिष्ट आहे. आपल्या वर्णाच्या लोकांनी तळपाय, तळहात आणि नखेही पाहावीत. वाढत जाणारा काळा डाग किंवा एकाच नखात नव्याने उमटलेली, रुंद होत जाणारी काळी रेघ दिसली तर थांबू नये.

पहिलाच प्रश्न

डॉक्टरबाईंनी विचारले, “सध्या काय लावता?” मी म्हटले, “विशेष काही नाही.” त्यांनी शांतपणे पुन्हा विचारले. मग मी पर्समधली ट्यूब काढून टेबलावर ठेवली.

त्या एका ट्यूबमध्ये तीन औषधे होती : एक बुरशीवरचे, एक जंतूंवरचे आणि एक तीव्र स्टेरॉइड. स्टेरॉइडने खाज आणि दाह दबतो, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आत आरामात पसरते. गजकर्णाची ओळखीची गोल कडा पुसली जाते आणि पाहणारा डॉक्टर फसतो. माझ्या जी. पी.ना इसब वाटले, यात त्यांचा दोष नव्हता. ट्यूबची गोष्ट मीच लपवली होती.

बाईंनी चट्ट्याच्या कडेची त्वचा बोथट पात्याने खरवडून प्रयोगशाळेत पाठवली. भारतात गजकर्णाची एक हट्टी जात पसरली आहे. २०२० मध्ये तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव मिळाले. ब्रिटनमध्येही ती आता आढळते. टर्बिनाफिन या नेहमीच्या गोळीला ती पुष्कळदा दाद देत नाही. म्हणून आपण कोठे जाऊन आलो आणि घरात आणखी कोणाला खाज आहे, हे न विचारताही सांगावे. मला दुसरी गोळी द्यावी लागली आणि बरे व्हायला तीन महिने गेले. घरातल्या सर्वांची तपासणी झाली. टॉवेल वेगळे केले, कपडे ६० अंशांवर धुतले.

सावळ्या त्वचेचे वर्णन

इंग्रजी पुस्तकांत पुरळ ‘लाल’ असते. आपल्या त्वचेवर तोच दाह जांभळट, राखाडी किंवा गडद तपकिरी दिसतो. लंडनच्या सेंट जॉर्जेसमधील विद्यार्थी मलोन मुक्वेंडे यांनी २०२० मध्ये दोन शिक्षकांच्या साह्याने सावळ्या व काळ्या त्वचेवरील लक्षणांची पुस्तिका काढली, ती याच उणिवेमुळे. तेव्हा “लाल नाही, म्हणजे काही नाही” असे समजू नये. चट्टा जोरात असताना उजेडात फोटो काढून ठेवावा, शेजारी निरोगी त्वचाही दिसावी. सर्व ट्यूबा, तेले आणि आयुर्वेदिक लेपसुद्धा पिशवीत घालून न्यावेत. इंग्रजीची अडचण असलेल्या आजी-आजोबांसाठी वेळ ठरवतानाच मराठी दुभाषी मागावा. त्याचे पैसे पडत नाहीत.

खर्चाचे गणित

तपासणी मोफत, पण इंग्लंडमध्ये औषधाला पैसे पडतात. मे २०२४ मध्ये हा दर एका औषधाला ९.९० पौंड झाला. वर्षाचे प्रीपेमेंट सर्टिफिकेट तेव्हा ११४.५० पौंडांना होते; म्हणजे वर्षात १२ औषधे लागली तरी ते परवडते. दर बदलतात, म्हणून घेण्यापूर्वी पाहून घ्यावेत. १६ वर्षांखालील मुले, पूर्णवेळ शिकणारी १६ ते १८ वर्षांची मुले आणि ६० वर्षांवरील मंडळी यांना माफी आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये हा आकारच नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना जी. पी.ची तपासणी मोफत असली, तरी पुढील उपचारांना सहसा दीडपट दराने पैसे भरावे लागतात. त्यांचा विमा उतरवताना जुना त्वचारोग लपवू नये.

स्टेरॉइड मलम वाईटच, असे मात्र कोणी समजू नका. इसबावर ते योग्य ताकदीचे, योग्य जागी आणि सांगितले तितके दिवस लावले तर उत्तम औषध आहे. वाईट आहे ती निदानाशिवाय लावलेली ट्यूब.

माझे चट्टे गेले. काळपट डाग वर्षभरात फिकट झाले. मुलीच्या मांडीवर मात्र स्टेरॉइडमुळे उमटलेल्या रेघा राहिल्या आहेत, आणि त्या पूर्ण जाणार नाहीत असे डॉक्टरांनी सांगितले आहे. ती मला काही बोलत नाही. उरलेल्या ट्यूबा मी फार्मसीत परत केल्या. तुमच्या कपाटात तशी एखादी असेल, तर ती कोणाला देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.