चोर सोडून दाढेला फाशी

तुमच्या दोन्ही गालांच्या हाडांत एकेक रिकामी खोली आहे. हा सगळ्यांत मोठा सायनस. मोठ्या माणसात तिथे दोन-तीन चमचे औषध आरामात मावेल. वरच्या दाढांची मुळं तिच्या जमिनीखालीच असतात आणि मधलं हाड काही जणांत अगदी पापुद्र्याएवढं. चाळीतलाच शेजार म्हणा ना! दाढ किडली की वरचा सायनस पिकतो. सर्दीनं सायनस भरला की खालच्या धडधाकट दाढा ठणकतात.

या खोलीला ज्याचं नाव मिळालं, त्या नाथॅनिएल हायमोर या इंग्रज डॉक्टरनं 1651 साली एक मजेदार हकिकत लिहून ठेवली. एका बाईंचा वरचा सुळा काढला, तर भोकातून पाणी वाहायचं थांबेना. बाईंनी पिसाची काडी आत सारून पाहिली. ती जातच राहिली! मेंदूला भोक पडलं म्हणून बाई हादरल्या. काडी त्या खोलीतच गोल फिरत होती. (लिओनार्दो दा विंचीनं ही खोली 1489 मध्येच चितारली होती, पण नाव हायमोरचं लागलं.)

आता गंभीर भाग. या खोलीत क्वचित कॅन्सर होतो. जागा रिकामी, त्यामुळे बराच काळ तो बिनबोभाट वाढतो. मग दाढ हलू लागते, हिरडी सुजते, कालपर्यंत नीट बसणारी कवळी आज बसत नाही. संशय दाढेवरच जाणार! अँटिबायोटिक होतं, रूट कॅनाल होतं, शेवटी दाढही जाते. दुखणं मात्र तिथेच.

गंमत म्हणजे दाढेची ही कुरबुर एका अर्थी उपकारच. स्वीडनचे डॉक्टर ओंग्रेन यांनी 1933 मध्ये डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत एक रेघ कल्पिली. रेघेच्या खाली, दातांच्या बाजूची गाठ लवकर बोलते आणि तिचे रुग्ण तुलनेनं बरे निभावतात. वरची, डोळ्याकडची गाठ जास्त त्रासदायक.

सुतारकाम करणाऱ्यांनी कान टवकारावेत. इंग्लंडमधलं हाय वायकम हे खुर्च्यांचं गाव. तिथल्या फर्निचर कामगारांत नाक-सायनसचा एरवी विरळा कॅन्सर फार दिसतो, हे 1960च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं. आरोपी निघाला लाकडाचा बारीक भुसा, त्यातही कठीण लाकडाचा. आपला सागवान त्याच जातीचा, तेव्हा रंधा-पॉलिशपेपर चालवताना मास्क हवाच.

बहुतेक दाढदुखी ही निव्वळ दाढदुखीच असते, घाबरू नका. पण दाढ काढून दोन-तीन आठवडे झाले तरी खड्डा भरत नसेल, एकाच बाजूचं नाक चोंदून रक्त येत असेल, गाल बधिर वाटत असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि सीटी स्कॅन लागेल का, हे स्वतःहून विचारा.