सायकलच्या चाकाची वीण



गेल्या जुलै महिन्यात आपल्या शाळेतील आठवीची एक विद्यार्थिनी सायकलवरून पडली. कोपर खरचटले, त्यावरच निभावले. सायकल पाहिली तर मागच्या चाकाचे पाच स्पोक तुटलेले! विचारल्यावर ती म्हणाली, "सर, पहिला सुटीतच तुटला होता, पण सायकल चालत तर होती." त्या 'चालत तर होती'साठी आजचा हा लेख.

बैलगाडीच्या चाकाचे लाकडी आरे खांबासारखे असतात; ते दाब सोसतात. सायकलचा स्पोक ही बारीक तार आहे, ती दाबली तर वाकेल. म्हणून स्पोक आधीच ओढून ताणलेले असतात. चाक जमिनीवर टेकते तेथील स्पोकांचा ताण थोडा कमी होतो, ते वर गेले की पुन्हा पूर्ववत होतो. 28 इंची चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे 450 फेरे घेते, म्हणजे प्रत्येक स्पोक तितक्या वेळा सैल होऊन ताणला जातो. मुळातच ढिला असलेला स्पोक दर फेऱ्याला हिसका खातो व बहुधा हबजवळच्या वाकणावर तुटतो. मग त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो.

आता वीण पाहू. आपल्या साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला 32 व मागच्याला 40 स्पोक असतात, कारण मागे वजन जास्त. पुढच्या हबच्या दोन्ही चकत्यांना 16-16 भोके असतात. प्रथम एका चकतीच्या एकाआड एक भोकांतून 8 स्पोक ओवून ते रिमच्या दर चौथ्या भोकात निप्पलने अडकवतात. दुसऱ्या चकतीचे 8 त्यांच्या शेजारच्या भोकांत. मग हब थोडा फिरवला की सोळाही तिरपे होतात. उरलेले 16 उलट दिशेने तिरपे घालतात. त्यातील प्रत्येक आपल्या बाजूच्या तीन स्पोकांना ओलांडतो. दोघांच्या एका अंगाने व तिसऱ्याच्या दुसऱ्या अंगाने. खाटेच्या सुतळीसारखीच ही वीण.

तिरपे कशासाठी? पेडल मारल्यावर हबचा पीळ रिमपर्यंत पोहोचवायचा असतो. सरळ स्पोक ते काम नीट करू शकत नाहीत. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली यांनी 1874 मध्ये या तिरप्या रचनेचे पेटंट घेतले.

शेवटी 'आऊट' काढणे. रिम डावीकडे झुकत असेल तर तेथील उजव्या बाजूचे स्पोक पाव-पाव आटा कसायचे. एकदम जोर करू नये. आम्ही लहानपणी एकच स्पोक कसत बसलो आणि चाकाचा अंडाकार करून ठेवला. वडिलांची बोलणी अजून आठवतात!

घरी पुढच्या चाकाचे स्पोक बोटाने छेडून पाहा. सर्वांचा आवाज जवळपास सारखा हवा. एखादा बद्द वाजला तर त्याच दिवशी दुकानात न्या.

पालकांना विनंती, जुनी चाके भंगारात न देता शाळेत पाठवावीत. कार्यानुभवाच्या तासाला मुले-मुली ती उसवून पुन्हा विणतील. विश्वस्त मंडळाने सायकल स्टँड थोडे रुंद करून द्यावे. तेथे सायकली एकमेकींवर पडतात आणि पहिला स्पोक बहुतेक तेथेच वाकतो.