न दिसणाऱ्या हायड्रोजनचं वजन

ज्या थंड हायड्रोजनपासून पुढचे तारे घडायचे असतात, तो दीर्घिकेच्या फोटोत उमटत नाही. तारे जिथे विरळ होतात त्याच्या कितीतरी पलीकडे तो पसरलेला असतो, पण दृश्य प्रकाशात काळोखच. त्याला गाठायचं तर रेडिओ दुर्बीण हवी.

हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांच्या फिरक्या एकाच दिशेला असल्या की अणूची ऊर्जा किंचित जास्त असते. इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की ती जादा ऊर्जा 21 सेंटिमीटरच्या, म्हणजे 1420.4 मेगाहर्ट्झच्या लहरीतून बाहेर पडते. एकट्या अणूत हे आपोआप व्हायला सरासरी एक कोटीहून जास्त वर्षं लागतात. इतक्या आळशी अणूंवर विसंबून मोजमाप करायचं म्हणजे कमालच. पण दीर्घिकेत अणूंना तोटा नाही. व्हान द हुल्स्ट यांनी 1944 साली या लहरीचं भाकीत केलं आणि 1951 मध्ये हार्वर्डच्या यूअन आणि पर्सेल यांनी ती आपल्या आकाशगंगेतून प्रत्यक्ष पकडली.

आता एखाद्या जवळच्या दीर्घिकेचा आलेख पाहा. आडव्या अक्षावर वेग, उभ्यावर लहरीची तीव्रता. फिरत्या तबकडीची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते, म्हणून एका टोकदार रेषेऐवजी दोन शिंगांचा रुंद उंचवटा दिसतो. शिंगांमधलं अंतर फिरण्याचा वेग सांगतं. वजन मात्र उंचवट्याखालच्या क्षेत्रफळात असतं. ते क्षेत्रफळ जान्स्की-किलोमीटर प्रतिसेकंदात घ्यायचं, मेगापार्सेकमधल्या अंतराच्या वर्गाने गुणायचं आणि वर 2.36 लाखांनी गुणायचं. उत्तर सूर्याच्या वस्तुमानांत मिळतं. अंतर 10 आणि क्षेत्रफळ 10 असेल, तर सुमारे 23.6 कोटी सूर्य. यात वायू स्वतःचीच लहर गिळत नाही असं धरलेलं असतं. कडेने दिसणाऱ्या दीर्घिकांत ते पुरतं खरं नसतं, म्हणून तिथे उत्तर थोडं कमी येतं.

अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या 305 मीटरच्या तबकडीने अल्फाल्फा या सर्वेक्षणात असे सुमारे 31,500 स्रोत नोंदवले. ते सगळे तुलनेने जवळचे. दूर गेलं की लहर क्षीण होतेच, शिवाय विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाते. या ताणण्याचं माप म्हणजे ताम्रसृती; ती 1 असेल तर 1420 ची 710 मेगाहर्ट्झ होते. 1400 ते 1427 मेगाहर्ट्झ हा पट्टा आंतरराष्ट्रीय नियमांनी खगोलशास्त्रासाठी राखीव आहे. दूरच्या दीर्घिका नेमक्या त्या कुंपणाबाहेर, माणसांच्या गोंगाटात येऊन पडतात.

तिथे जुन्नर तालुक्यातली खोडदची दुर्बीण, जीएमआरटी, उपयोगी पडली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, पंचवीसेक किलोमीटर परिसरात विखुरलेल्या. इतकं करूनही त्या अंतरावर एकेकट्या दीर्घिकेची रेषा गोंगाटाच्या वर डोकं काढत नाही. मग करतात काय? हवाईच्या केक दुर्बिणीने प्रत्येक दीर्घिकेची ताम्रसृती आधीच मोजून ठेवली होती. त्यावरून कुणाची रेषा कुठल्या वारंवारतेवर पडायला हवी हे कळतं. सगळे वर्णपट सरकवून त्या जागा एकमेकींवर आणायच्या आणि सरासरी काढायची. गोंगाट कधी वर, कधी खाली असल्याने एकमेकांना खोडतो. खरी रेषा मात्र प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या खगोलशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये 7,653 दीर्घिका अशा एकत्र केल्या. गोंगाट संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटतो, म्हणजे इथे जवळपास 87 पट, आणि रेषा वर आली.

दीर्घिकेमागे सरासरी सुमारे 1,200 कोटी सूर्यांइतका अणुरूप हायड्रोजन निघाला. ऐकायला घसघशीत, पण ती लहर निघाली तेव्हाचा ताऱ्यांच्या निर्मितीचा झपाटा पाहता तो 100 ते 200 कोटी वर्षांत संपला असता. बाहेरून नवा वायू तितक्या वेगाने आला नाही, म्हणून पुढे ताऱ्यांची निर्मिती मंदावली, असा त्यांचा निष्कर्ष. यातली कुठली दीर्घिका भरलेली आणि कुठली रिकामी, हे मात्र ती सरासरी सांगत नाही.