झोपेचा वाटा

पहाटेचे पाच वाजतायत. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर मिट्ट काळोख आहे, सिंधुदुर्ग किल्ला समोर आहे हे ठाऊक म्हणून दिसतो एवढंच. होडी जाळं टाकत वळसा घालून परतलीय आणि रापणीचे दोन्ही दोर आता वाळूवर आहेत. माणसं टाचा रोवून मागे झुकतात, दोर हातभर येतो, पुन्हा झुकतात. रांगेत पिकल्या केसांची डोकी जास्त. तरुण मोजकेच, आणि त्यातला एक उभ्या उभ्या पेंगतोय.

"रात्री झोपला नाहीस वाटतं?"

"झोपतंय खंय काकानू! जत्रेत होतंय. दशावतार अर्धो टाकून हय इलंय."

वय बाविशीचं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे एकीकडे जत्रा आणि दुसरीकडे पर्यटकांची झुंबड. रापण आटोपली की तो स्कुबाच्या बोटीवर जाणार. टाक्या उचलायच्या, घाबरलेल्यांचा हात धरून त्यांना पाण्यात उतरवायचं, संध्याकाळी सगळं धुऊन ठेवायचं. पावसाळ्यात जलक्रीडा बंद, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीलाही बंदी. मिळवायचं ते आत्ताच.

झोपेचा दर्जा मोजायला जगभर पिट्सबर्गची एक प्रश्नावली वापरतात. 1989 साली प्रसिद्ध झालेली, 19 प्रश्नांची. गेल्या महिन्यात साधारण किती वाजता अंथरुणावर पडलात, असं ती सुरुवातीलाच विचारते. मी ते या पोराला विचारतो. तो दोर न सोडता माझ्याकडे बघतो. "खयच्या दिवसाचा सांगू?" झोप लागायला किती वेळ लागतो, याचं उत्तर मात्र तयार आहे: टेकलं की लागते. प्रश्नावलीत या उत्तराला उत्तम गुण आहेत. टेकताक्षणी डोळा लागणं हे झोपेची थकबाकी साचल्याचंही लक्षण असतं, हे मी त्याला सांगत नाही. त्याला ते माझ्याहून जास्त कळतं.

"मोबायलान पोरांची झोप खाल्ली," रांगेतून कुणीतरी म्हणतं. दोघेतिघे हुंकार भरतात. पुढचा म्हातारा मात्र मान हलवतो. तो 1982च्या संपानंतर मुंबईहून परतलेला गिरणी कामगार. ऐन विशीत लालबागच्या गावकीच्या खोलीत राहायचा. अंथरुणं कमी, माणसं जास्त. रातपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याने उठून जागा द्यायची. उशीर केला तर पायाने ढोसून उठवत. "आमच्या टायमाक खंय होतो मोबाईल? तरी झोप खंय होती?" दोर ओढत तो हसतो.

एव्हाना उजाडू लागलंय. पाट्या घेऊन बायका येतात, त्यांत एक नवी सून. तिच्या घरच्या दोन्ही चांगल्या खोल्या पर्यटक पाहुण्यांना दिल्यात. घरची माणसं पडवीत. पाहुण्यांच्या गप्पा रात्री एकपर्यंत, आणि सहाला त्यांना चहा हवा, मागोमाग घावणे. "पावणे निजले की मगे आमचा निजणा," ती सांगते. नवरा? तो पाहुण्यांच्या आधीच घोरत असतो. एक वाजता ती दिवा मालवून मोबाईल उघडते आणि माहेरच्या मैत्रिणींशी अर्धा तास बोलते. सासूचा राग त्या अर्ध्या तासावर. मला मात्र तो अर्धा तास तिच्या अख्ख्या दिवसातला एकमेव स्वतःचा वाटतो, तो सोडून झोप म्हणायची माझी हिंमत नाही. प्रौढांनी रात्री किमान सात तास झोपावं असं डॉक्टर सांगतात, पण सुनेच्या वाट्याचे तास कुणी काढायचे?

जाळ्याचा घोळ काठाशी येतो. सगळे धावतात. तारली बरीच, बांगडे थोडे, जेलीफिश नको तेवढे. वाटे पडायला लागतात आणि बायकांचा आवाज चढतो. पोराचा फोन वाजतो: पहिली बॅच सातला. तो आपला वाटा धाकट्या भावाच्या पिशवीत ओततो, तोंडावर खारं पाणी मारतो.

"आज रात्री तरी झोपतलंस मां?" म्हातारा विचारतो.

"आज? आज आमच्याच वाडीत नाटक आसा," म्हणत तो बोटीच्या दिशेने पळतो.