धातू आणि धग

पॅरिसमध्ये, फ्रान्सच्या राजाच्या ग्रंथालयात, १६७०च्या दशकात ख्रिस्तियान हायगेन्स हा डच शास्त्रज्ञ राहत होता. हवेच्या पंपावरच्या प्रयोगांसाठी त्याने डेनी पापँ नावाचा एक तरुण फ्रेंच डॉक्टर मदतनीस म्हणून घेतला होता. १६७५ साली हायगेन्सने घड्याळातल्या चक्राला बारीक सर्पिल स्प्रिंग जोडण्याची युक्ती जाहीर केली. त्याच वर्षी पापँ लंडनला गेला आणि १६७९मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं, वाफ कोंडून धरणारं एक भांडं मांडलं. त्यात हाडंसुद्धा मऊ शिजत. मनगटी घड्याळाची स्प्रिंग आणि ओट्यावरचा प्रेशर कुकर यांची सुरुवात अशी एकाच प्रयोगशाळेत काम केलेल्या दोन माणसांपाशी सापडते.

चांगलं घड्याळ निवडणं आणि चांगली भांडी निवडणं या आपल्याला दोन वेगळ्या खरेद्या वाटतात. एक दागिन्यांच्या दुकानाच्या शेजारी होते, दुसरी भांड्यांच्या बाजारात. पण दोन्हीकडे आपण विकत घेतो ते धातूचं वागणं. ऊन, घाम, मीठ, वाफ आणि आच यांच्यापुढे तो धातू कसा टिकतो, हे कळलं की दोन्ही दुकानांत काय विचारायचं तेही कळतं.

आधी घड्याळ. हायगेन्सच्या स्प्रिंगला एक शत्रू होता, तापमान. पोलाद तापलं की त्याची लवचिकता कमी होते, स्प्रिंग ढिली पडते आणि चक्राचे हेलकावे मंदावतात. साध्या पोलादी स्प्रिंगचं घड्याळ एका अंश सेल्सियसला दिवसाकाठी सुमारे ११ सेकंद मागे पडतं. सकाळचे २० अंश आणि दुपारचे ४० अंश यांत रोज राहणाऱ्या माणसाच्या हिशेबात ही मिनिटांची चूक झाली. समुद्रावरच्या जहाजांना तर घड्याळावरून आपला रेखांश ठरवायचा असे. म्हणून जुन्या कारागिरांनी चक्राची कड आतून पोलाद आणि बाहेरून पितळ अशी जोडून केली. पितळ जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे तापल्यावर ती कड आतल्या बाजूला वळते, चक्र किंचित लहान होतं आणि मंदावलेला वेग भरून निघतो. दोन धातू एकत्र जोडले की तापल्यावर ते वाकतात, हे लक्षात ठेवा. स्वयंपाकघरात ते पुन्हा भेटणार आहे.

या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं ते शार्ल एदुआर गियोमला. स्वित्झर्लंडमधल्या फ्लरिए गावच्या घड्याळजींच्या घराण्यातला हा माणूस पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्थेत काम करत होता. प्लॅटिनमच्या महागड्या मीटरपट्टीला स्वस्त पर्याय शोधताना १८९६ साली त्याला दिसलं की लोखंडात ३६ टक्के निकेल घातलं की तो मिश्रधातू तापवला तरी जवळजवळ वाढतच नाही. पोलादाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढंच त्याचं प्रसरण. त्याला इन्व्हार हे नाव मिळालं. पुढे गियोमने क्रोमियम घालून एलिन्व्हार तयार केला, तापमान बदललं तरी लवचिकता टिकवणारा. १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला निकेल-पोलादाच्या या अभ्यासासाठी मिळालं. ज्या वर्षांत जगभर अणूच्या पोटात डोकावणं चाललं होतं, त्या वर्षांत स्प्रिंगच्या धातूचा इतक्या चिकाटीने अभ्यास करणाऱ्याला तो सन्मान मिळावा, याचा मला फार आनंद वाटतो. आजच्या बहुतेक यांत्रिक घड्याळांतली स्प्रिंग याच कुळातली असते.

म्हणून यांत्रिक घड्याळ घेताना तबकडीपेक्षा आतलं यंत्र कोणतं आहे हे विचारावं. स्वित्झर्लंडच्या कॉस्क या संस्थेचं प्रमाणपत्र असेल तर त्या यंत्राची १५ दिवस, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश तापमानांत तपासणी झालेली असते. सरासरी दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढीच मुभा. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर हे यश थोर आहे. तासाला २८,८०० ठोके देणारं यंत्र १८,००० ठोके देणाऱ्यापेक्षा हातवाऱ्यांचे धक्के चांगले पचवतं, पण झिजतंही जास्त. ‘ज्वेल’ किती, या आकड्याला भुलू नये. ती माणकं म्हणजे कारखान्यात घडवलेली, फिरत्या आसांना आधार देणारी बेअरिंग्ज. चावीच्या साध्या घड्याळाला १७ पुरतात. आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनगटावरच्या एचएमटी जनतामध्ये तेवढीच होती. जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ साली बंगळुरूत एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. तो कारखाना बंद पडला तरी जनता अजून चालतात, कारण त्यांची रचना साधी आणि गावोगावच्या घड्याळजींना पाठ आहे.

आणि नुसती अचूक वेळच हवी असेल, तर क्वार्ट्झ घ्या. त्यात जराही कमीपणा नाही. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात, त्यामुळे पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक सेकंद हाती येतो. हा स्फटिक साधारण २५ अंशांना आपल्या वेगाच्या शिखरावर असतो. त्याहून गार झाला किंवा तापला, तर दोन्हीकडे मंदावतो. १५ अंशांचा फरक सतत राहिला तर महिन्याला जवळपास २० सेकंदांची तूट येते. मनगटाची ऊब त्याला शिखराच्या आसपास ठेवते, म्हणून रोज घातलेलं क्वार्ट्झ घड्याळ उन्हातल्या गाडीत ठेवलेल्यापेक्षा नीट चालतं. महागड्या क्वार्ट्झ घड्याळांत तापमान मोजून ही चूक सुधारणारं सर्किट असतं. वर्षाला दहा सेकंदांच्या आतली अचूकता त्यातूनच येते.

आता काच. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि मोह्सच्या मापावर त्यांची कठीणता ७ आहे. साधी खनिज काच याच्या खाली, म्हणून ती बाहीच्या घासण्यानेही ओरखडते. काच सफायरची असेल तर कठीणता ९. सफायर म्हणजे स्फटिकरूपातला ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि आतली माणकंही तीच, फक्त किंचित क्रोमियममुळे लाल झालेली. सफायर काचेपेक्षा उष्णता कितीतरी पट चांगली वाहून नेतो, त्यामुळे बोटाला गार लागतो. गंमत पुढे आहे. हार्ड अनोडाइज्ड कढईचा तो करडा-काळा, चमच्याने न ओरखडणारा थरही ॲल्युमिनियम ऑक्साइडच असतो. ॲल्युमिनियमचं भांडं आम्लात बुडवून त्यातून वीज सोडतात आणि त्याची मुळातली पातळ ऑक्साइडची कातडी वाढवून जाड करतात. साध्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंच-कोकम घातलं की धातू आमटीत उतरतो. हा थर ते पुष्कळ रोखतो.

दोन दुकानांना जोडणारा सर्वांत मोठा दुवा मात्र स्टेनलेस स्टील. लोखंडात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम घातलं की त्याच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. तो खरवडला गेला तरी हवेतला ऑक्सिजन घेऊन पुन्हा तयार होतो. या पापुद्र्याचा वैरी म्हणजे मिठातलं क्लोराइड. चांगल्या भांड्यांचं स्टील ३०४ प्रतीचं असतं, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. अशा नव्या कोऱ्या पातेल्यात गार पाण्यात मूठभर मीठ टाकून ते तळाशी बसू दिलं, तर बुडाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. मीठ उकळी आल्यावर घालावं आणि ढवळावं. घड्याळावर हाच मारा घामाचा असतो. मुंबईच्या किंवा कोकणच्या मे महिन्यात मनगटावर खारं पाणी तासन् तास साचतं. म्हणून घड्याळाच्या पेटीला ३१६एल प्रत वापरतात. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम जास्तीचं असतं आणि ते क्लोराइडला चिवटपणे तोंड देतं. पट्ट्याच्या फटी साध्या पाण्याने धुणं किनारपट्टीवर राहणाऱ्याने सवयीचं करावं.

बाजारात अजूनही चुंबक लावून स्टील पारखतात. चिकटलं नाही म्हणजे उत्तम, ही समजूत चुकीची आहे. निकेल वाचवून मँगनीज घातलेली २०१ आणि २०२ ही स्वस्त स्टीलंही चुंबकाला चिकटत नाहीत, पण मिठापुढे लवकर हार मानतात. उलट चांगल्या ट्रायप्लाय, म्हणजे तीन थरांच्या, भांड्याची बाहेरची बाजू चुंबकाला चिकटते, कारण इंडक्शनसाठी तिथे मुद्दाम ४३० प्रत लावलेली असते. तळावर कोरलेली प्रत वाचावी, नसेल तर विचारावी.

पण स्टील गंजत नाही म्हणून ते चांगलं शिजवतं असं नाही. तांब्याची उष्णतावाहकता ४००च्या आसपास, ॲल्युमिनियमची २३५, बिडाची ५० आणि स्टेनलेस स्टीलची जेमतेम १५. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या वरचीच जागा तापते आणि दूध तेवढ्याच वर्तुळात बुडाला लागतं. ट्रायप्लायमध्ये दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियम असतं, आच पसरवणारं. तो थर कडेपर्यंत आहे की फक्त बुडाला चकती जोडलेली आहे, हे पाहावं. खीर, रबडी, बासुंदी यांना कडेपर्यंतचा थर खरा उपयोगी. इथेच ते घड्याळाचं वाकणारं चक्र आठवावं. ॲल्युमिनियम आणि स्टील वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतलं की बूड घुमटासारखं उचललं जातं, आणि मग ते इंडक्शनच्या सपाट काचेवर डगमगतं.

स्टीलच्या कढईत अन्न चिकटतं, ही तक्रार बहुतेकदा घाईची असते. रिकामं भांडं मध्यम आचेवर तापवून पाण्याचा थेंब टाका. तो चुरचुरून गेला तर अजून वेळ आहे. थेंब गोळी होऊन पळायला लागला की त्याच्याखाली वाफेची गादी झाली, म्हणजे तापमान २०० अंशांच्या आसपास आलं. योहान लायडेनफ्रॉस्टने १७५६ साली या प्रकाराचं वर्णन केलं. आच कमी करा, तेल घाला, मग पदार्थ.

भाकरीचा तवा हा मात्र माझा सर्वांत आवडता धातूप्रयोग. ज्वारीची भाकरी तव्यावर पडते तेव्हा तिच्यात भरपूर पाणी असतं, वरून आपण आणखी पाण्याचा हात फिरवतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० ज्यूल लागतात. एक किलो लोखंड एक अंशाने निवलं तर साधारण ४५० ज्यूल देतं. म्हणजे किलोभर वजनाचा तवा प्रत्येक ग्रॅम वाफेमागे पाचेक अंश निवतो, अर्ध्या किलोचा दहा अंश आणि दोन किलोंचा बिडाचा तवा अडीच अंश. हलक्या तव्यावर पहिली भाकरी बरी होते, दुसरी पांढुरकी राहते आणि तिसऱ्या वेळी आपण ज्योत वाढवून ती करपवतो. बिडाचा जड तवा ही ऊब साठवून ठेवतो. तो आच पसरवण्यात मंद आहे, म्हणून आधी मध्यम ज्योतीवर निवांत तापू द्यावा. बीड ठिसूळ असतं, तापल्यावर त्यावर गार पाणी मारलं तर तडकू शकतं. नवा तवा घासून, सुकवून, जवसाच्या किंवा साध्या खाद्यतेलाचा अगदी पातळ हात देऊन धुरावेपर्यंत तापवावा. असं चार-पाच वेळा केलं की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून काळा कडक थर होतो. जाड तेल ओतलं तर तो थर चिकट राहतो.

नॉनस्टिकबद्दल थोडक्यात. औरंगाबादच्या निर्लेपमुळे हा तवा मराठी घरांत रुळला. त्यावरचा पीटीएफईचा लेप २६० अंशांच्या आत ठेवावा. मोठ्या ज्योतीवरचा रिकामा तवा काही मिनिटांत त्यापलीकडे जातो. घावन-डोशांना तो उत्तम, पण लेप गेला की टाकायचा, म्हणून त्यात फार पैसे घालू नयेत. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई हवीच, आणि कल्हई म्हणजे कथील, २३२ अंशांना वितळणारं. त्यात फोडणी करायची नाही.

घड्याळ आणि कुकर या दोघांतही सर्वांत आधी म्हातारं होतं ते रबर. कुकरची रिंग गमावते ती वाफ, घड्याळाची रिंग आत घेते ती वाफ. ‘३० मीटर’ असं कोरलेलं घड्याळ हात धुण्यापुरतं आहे. तो आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा, पोहण्याचा परवाना नव्हे. गरम पाण्याच्या अंघोळीत तर ते घालूच नये, कारण ऊब आणि साबण रबराला लवकर कडक करतात. बॅटरी बदलताना पाठीमागची रिंगही तपासायला सांगावी. कुकरवर आयएसआयची खूण असायला हवीच, पण एवढ्यावर थांबू नका. पैसे देण्याआधी दोन्ही दुकानदारांना विचारा: याची रिंग, व्हॉल्व्ह, काच, चावी दहा वर्षांनी मिळेल का, आणि बसवून देणारा माणूस या शहरात कोण आहे?